घरातील बाग आणि काटकसर

मे महिन्यात रायपूरचा पारा 42 अंशांच्या पुढे जाऊ लागला, की गच्चीवरील नाजूक रोपे घरात येतात. तात्यापारा असो वा चौबे कॉलनी, मराठी घरांतून कुंड्यांचा मुक्काम दीड-दोन महिने बैठकीच्या कोपऱ्यात पडतो. परंतु उन्हाच्या भयाने खिडक्यांवर जाड पडदे ओढलेले असतात. रोप झळांपासून वाचते, पण प्रकाशावाचून पिवळे पडते. मग झाडांसाठी ‘खास’ म्हणून विकले जाणारे जांभळे दिवे, नारळाच्या भुशाच्या विटा आणि ओलावा मोजण्याची उपकरणे यांचा मोह होतो. खरेदीपूर्वी गृहिणीने एवढेच पाहावे: या वस्तूचे काम कोणते, आणि ते एखादी साधी वस्तू करील काय?

प्रथम दिव्याचा विचार करू. पानांतील हरितद्रव्य मुख्यतः तांबडा व निळा प्रकाश शोषते, म्हणून खास दिवे जांभळे दिसतात. साध्या पांढऱ्या एलईडी दिव्यातही हे दोन्ही रंग असतात. वेष्टणावर 6500 केल्विन असे लिहिलेला 9 वॅटचा दिवा पानांपासून वीतभर उंचीवर टांगावा. अंतर दुप्पट झाले, की प्रकाश सुमारे एक चतुर्थांशच उरतो; तेव्हा छताला लावलेल्या महाग दिव्यापेक्षा जवळचा स्वस्त दिवा अधिक उपयोगी पडतो. रोज 12 तास लावला, तरी महिन्यास सव्वातीन युनिट वीज लागते. मनीप्लँट किंवा मेथी-कोथिंबिरीच्या एक-दोन कुंड्यांना तो पुरतो. तुळशीला मात्र सकाळचे कोवळे ऊन दिलेच पाहिजे.

आता मातीविषयी. येथील काळी कन्हार माती चिकट असते. कुंडीत ती पाणी धरून ठेवते व मुळे कुजतात. ती भुसभुशीत करण्यास नारळाचा भुसाच हवा, असे नाही. छत्तीसगड हे धानाचे कोठार. भातगिरणीतील तूस येथे सहज मिळते. ते उघड्यावर, घरापासून दूर, काळे होईपर्यंत भाजावे व लगेच पाणी शिंपडून विझवावे. पांढरी राख होऊ देऊ नये, कारण तिच्यात क्षार फार असतो. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग भाजलेले तूस, हे मिश्रण बहुतेक रोपांना मानवते.

ओलावा पाहण्यास आपले बोट पुरेसे आहे. ते दोन पेरे मातीत घालावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. चार दिवस गावी जावयाचे असल्यास सुती दोरीचे एक टोक कुंडीच्या मातीत खोल पुरावे व दुसरे शेजारच्या पाण्याच्या भांड्यात सोडावे. दोरी हळूहळू पाणी ओढून घेते. भांड्याचे तोंड फडक्याने घट्ट बांधावे.

कुंडी म्हणून फुटका माठ, जुनी बादली वा तेलाचा डबा चालतो. तळाशी भोके मात्र हवीत. कीटकनाशकाचा किंवा रंगाचा डबा, विशेषतः खाण्याच्या भाजीसाठी, कधीही वापरू नये.

दोन ठिकाणी मात्र काटकसर व हयगय दोन्ही महाग पडतात. पहिले विजेचे. ओल्या कुंडीजवळ दिवा लावावयाचा, तर होल्डर, तार व प्लग आयएसआय चिन्हाचेच घ्यावेत आणि पाणी घालण्यापूर्वी बटण बंद करावे. दुसरे कुंडीखालच्या ताटलीचे. डेंग्यू पसरविणारा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा, वार ठरवून, प्रत्येक ताटली रिकामी करून घासावी. कूलरची टाकीही त्याच दिवशी धुवावी. हे काम मुलांकडे सोपविल्यास त्यांनाही झाडांची गोडी लागेल.