मिनिटाला किती फेऱ्या?

दिवाळी अंक हातात पडतो तेव्हा अल खर्जची हवा नुकतीच माणसात आलेली असते. उन्हाळ्यात दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास, त्यामुळे सायकल चालवायची ती घरात, पंख्यासमोर, जागच्या जागी. आता पहाटे बाहेर पडता येतं. आपल्या मंडळातल्या काही सायकलींच्या पेडलजवळ हल्ली एक छोटी डबी बांधलेली दिसते. "सर, हिचा आकडा ९० यायला पाहिजे ना?" असं मला तिघाचौघांनी विचारलं. विचारणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे. म्हणून या वेळचं सदर त्या डबीवर.

तिचं नाव केडन्स सेन्सर. केडन्स म्हणजे पेडलच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या. जुन्या पद्धतीत पेडलच्या दांडीला, म्हणजे क्रँकला, एक लोहचुंबक लावत आणि सायकलच्या सांगाड्यावर एक चिमुकला स्विच. चुंबक समोरून गेला की स्विच मिटायचा, एक फेरी मोजली जायची. दोन फेऱ्यांमध्ये पाऊण सेकंद गेला, तर ६० भागिले पाऊण, म्हणजे केडन्स ८०. नव्या डबीला चुंबक लागत नाही. दांडीबरोबर डबी फिरते तशी तिच्या दृष्टीने 'खाली' ही दिशा फिरत राहते, आणि आतली सूक्ष्म चिप ते ओळखते. काही डब्यांमध्ये फिरण्याचा वेगच मोजणारी चिप असते. मग आकडा बिनतारी मार्गाने फोनला किंवा घड्याळाला जातो. चेन उजवीकडे असल्यामुळे डबी सहसा डाव्या दांडीला आतल्या बाजूने बांधतात.

दोन व्यावहारिक गोष्टी. ब्लूटूथवर डबी आधी फोनला जोडली गेली, की बरेचदा ती घड्याळाला सापडत नाही. डबी बिघडली असं समजण्याआधी फोनची जोडणी तोडून पाहा. आणि बहुतेक डब्यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर अन्ननलिकेला गंभीर इजा होते, आणि तेव्हा थांबायला वेळ नसतो, तडक रुग्णालय गाठावं लागतं.

आता थोडं गणित. शाळेत शिकलेलं सूत्र आठवा: शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. समजा, तुम्ही १०० वॅट शक्तीने सायकल चालवत आहात. क्रँकची दांडी १७ सेंटिमीटर. केडन्स ५० असेल, तर पेडलवर सरासरी साडेअकरा किलो वजनाइतका जोर सतत लावावा लागतो. केडन्स ८० केला, तर तेच काम सात किलोंच्या जोरात होतं. काम तेवढंच, वेग तेवढाच. फक्त ओझं लहान लहान गाठोड्यांत वाटून घेतलं. गव्हाचं पोतं एका खेपेत उचलायचं की चार खेपांत, एवढाच प्रश्न. गुडघ्याला चार खेपा मानवतात. जड गिअर टाकून, दात-ओठ खात सावकाश पेडल मारणाऱ्याचा गुडघा बोलू लागतो तो यामुळे. (सीट फार खाली असेल तरीही तो बोलतो. ते आधी तपासा.)

मग सरळ ९० का नको? कारण खेपा घालणाऱ्यालाही दम लागतो. पाय नुसते भरभर फिरवायलाही प्राणवायू खर्च होतो. प्रयोगशाळेत मोजलं तर साधारण ५० ते ७० फेऱ्यांच्या दरम्यान तेवढ्याच कामाला सर्वांत कमी प्राणवायू लागतो. तरीही मुरलेले सायकलपटू ८५ ते १०० पसंत करतात, कारण त्यांचं हृदय आणि फुप्फुसं तो जादा खर्च सोसतात आणि त्या बदल्यात स्नायू ताजे राहतात. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. त्याच्या सायकलला पुढे ५२ आणि मागे १४ दात होते. हिशेब केला तर मिनिटाला शंभराहून जास्त फेऱ्या निघतात, तासभर, न थांबता! पण तेव्हा तो २७ वर्षांचा होता आणि जगातला सर्वोत्तम सायकलपटू होता. त्याचा आकडा आपल्या गुडघ्यांवर लादायचं कारण नाही.

आपल्यातली उदाहरणंही पाहू. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. एका फेरीत सरासरी ५ मीटर धरले, तर साडेनऊ लाखांच्या वर फेऱ्या होतात. उतारावरच्या फुकटच्या घ्या वजा करून. इतक्या वेळा दुमडणाऱ्या गुडघ्यावर दर खेपेला दोन किलो ओझं कमी पडलं, तर एकूण बचत किती, हे मुलांनी काढावं.

तर साठीच्या आसपासच्या नवशिक्याने ६० ते ८०च्या दरम्यान, जिथे श्वास आणि गुडघे दोन्ही तक्रार करत नाहीत, तिथे आपली लय शोधावी. लय हाच शब्द मला केडन्ससाठी योग्य वाटतो. ख्याल गाणारा विलंबितात सुरुवात करतो, आवाज तापला की मध्य, शेवटी द्रुत. सायकलीवरही पहिली दहा मिनिटं हलका गिअर आणि ६०, मग ७०, मधे मधे एक मिनिट ८५, आणि उतरण्याआधी पुन्हा विलंबित. सेन्सर नसेल तरी चालतं: उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजा आणि चारने गुणा. १८ आले तर केडन्स ७२. तरुण मंडळींनी ८० ठोक्यांचं गाणं लावावं आणि प्रत्येक ठोक्याला उजवा पाय खाली आणावा.

आणखी एक सावधगिरी जिममधल्या सायकलींबाबत. त्यांचं जड चाक एकदा फिरू लागलं की काही सायकलींवर तेच तुमचे पाय फिरवतं. रोध शून्यावर ठेवून ११० चा आकडा दाखवणं म्हणजे रिकाम्या जात्याचा खुंटा फिरवण्यासारखं आहे. आवाज होतो, पीठ पडत नाही. केडन्स हा गुणाकारातला एकच आकडा आहे. दुसरा, म्हणजे जोर, त्याला ठाऊक नसतो.

मग वेगाचा किंवा नाडीचा आकडा का पाहू नये? इथल्या सपाट, उघड्या रस्त्यांवर वाऱ्याला अडवणारं काही नसतं. जाताना वारा पाठीशी असला की आपण मर्क्स, येताना समोरून असला की बैलगाडी. मेहनत दोन्हीकडे सारखीच. वेग वाऱ्याचं मोजमाप करतो, तुमचं नाही. नाडीचा आकडा मोलाचा, पण उष्णता तो फुगवते: शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामाने पाणी कमी होतं, आणि त्याच कामाला हृदय जास्त ठोके घेतं. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, म्हणून किती गेला ते कळतही नाही. आणि आपल्यापैकी जे रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी घेतात, त्यांची नाडी औषधानेच दाबून धरलेली असते. घड्याळ 'सगळं सोपं चाललं आहे' म्हणतं आणि माणूस दमलेला असतो. अशांनी व्यायाम किती आणि कसा, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं आणि बोलण्याची कसोटी लावावी: पेडल मारताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे.

आता ज्यासाठी मी ही डबी विकत घ्यायला सांगतो ते. आठवड्यातून एकदा, घरातल्या स्थिर सायकलीवर, त्याच खोलीत, पंखा तसाच ठेवून, तोच रोध आणि तोच केडन्स, समजा ७०, वीस मिनिटं धरा. रोध आणि केडन्स दोन्ही तेच ठेवले की काम तेवढंच होतं. मग वहीत तारीख, शेवटच्या मिनिटाची नाडी आणि 'सोपं, ठीक, जड' यांतला एक शब्द लिहा. दोन महिन्यांत 'जड'चं 'ठीक' झालं, तर शरीर सुधारतं आहे. उलट, कालपर्यंत सोपी असलेली वीस मिनिटं दोन-तीन आठवड्यांत जड होऊ लागली आणि त्याला झोप, ताप, उपास असं काही कारण दिसत नसेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी, असं काही झालं तर वहीची वाट पाहू नका. तिथेच थांबा आणि मदत बोलवा.

हे एवढं ठासून सांगतो, कारण परदेशातल्या आपल्या घरांत तब्येतीची बातमी फोनवरून जाते, आणि फोनवर सगळे बरेच असतात. पुण्यातली आई बरी असते, इथला मुलगा बरा असतो, कॅनडातली नात बरी असते. मुलांना काळजी नको म्हणून आपण दम लागल्याचं सांगत नाही. आईवडिलांना काळजी नको म्हणून मुलं सांगत नाहीत. पायऱ्या चढणं कमी होतं, चालणं कमी होतं, आणि ते आपल्या स्वतःच्याही लक्षात येत नाही, कारण शरीर मुकाट्याने बेत लहान करत जातं. वहीतल्या तीन रकान्यांना भिडस्तपणा येत नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. तुमच्यापैकी बरेच जण पडद्यावर आभासी घाट चढता, आणि तुमचा केडन्स ९५ असतो, हे मला ठाऊक आहे. या दिवाळीत आजोबांच्या किंवा बाबांच्या सायकलीला डबी बांधून द्या, फोनला जोडून द्या, पण आकड्याची शर्यत लावू नका. दर शुक्रवारी फक्त विचारा, "आज सोपं, ठीक, की जड?" ते 'ठीक' म्हणाले तर पुढचा प्रश्नही विचारा: "गेल्या शुक्रवारी काय लिहिलं होतं?"