खारीचा वाटा

मराठी माणसाला भाषणाला उभे केले, की दुसऱ्या मिनिटाला त्याच्या तोंडून खार बाहेर पडते. "या कार्यात माझाही खारीचा वाटा आहे," हे वाक्य मी गणेशोत्सवात ऐकले आहे, लग्नात ऐकले आहे आणि आमच्या बँकेच्या निरोपसमारंभांत तर इतक्या वेळा ऐकले आहे, की आता त्या जागी टाळी आपोआप पडते. तीस वर्षांत ज्याने जमिनीवर पडलेली टाचणी उचलली नाही, तो गृहस्थही जाताना खारीचा वाटा उचलून जातो.

मी बी.कॉम. झालेला, पेशाने कारकून. वाटा म्हटला की मला भागीदारीचा करार आठवतो. करार आला की नफ्याची वाटणी आली. म्हणून माझा साधा हिशेबी प्रश्न आहे: इतकी वर्षे जो तो खारीचा वाटा उचलतो आहे, तर खारीच्या हाती काय पडले? हा लेख म्हणजे त्या थकबाकीची नोटीस आहे. आणि थकबाकीदारांच्या यादीत पहिले नाव माझे आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

त्याचे झाले असे. बँकेतला माणूस सोसायटीत राहायला आला, की त्याचे कपाट जिना चढायच्या आत त्याला खजिनदार करतात. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मलाही केले. सोसायटीत एक आंबा आहे. त्याच्याखाली मोटारी उभ्या राहतात. आंबा मोटारींच्या आधीपासून तिथे आहे. पण सभेत ठराव असा आला, की आंबा मोटारींवर चीक गाळतो, पक्षी बसवतो आणि एकंदरीत त्याचे वागणे सभासदांना शोभत नाही. झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे आमच्या चेअरमनना पाठ. म्हणून आम्ही ते तोडले नाही, 'छाटले'. न्हाव्याने पोराचा गोटा करावा तसे छाटले. 'आंब्याच्या फांद्या छाटणे, रुपये ४,५०० फक्त.' त्या व्हाउचरवर सही माझी.

रविवारी सकाळी तिसरी फांदी खाली आली ती घरटे घेऊनच. काथ्या, कापूस, सुतळी आणि गवत यांचा गोळा. त्यातला काथ्या आमच्याच पायपुसण्याचा होता, हे सौ.ने तिथल्या तिथे ओळखले. आत खारीची दोन पिल्ले. डोळे मिटलेले, पाठीवर पट्ट्यांची नुसती पेन्सिलरेघ. एकाचा मागचा पाय सुजलेला, आणि दोघांच्याही अंगावर मुंग्या. त्यांची आई कुंपणाच्या भिंतीवर शेपटी उडवत आमच्या नावाने शंख करीत होती. तिच्या ओरडण्याचा त्रास होऊ लागला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी काठी घेऊन तिला हाकलले, आणि परत येऊन हळहळत म्हणाले, "पोरकी झाली हो बिचारी!"

वाचकहो, बँकेत एखादा खातेदार वारला, तर त्याच्या वारसाला आम्ही मृत्यूचा दाखला मागतो. तो आणला तरी झेरॉक्स मागतो आणि झेरॉक्सवर अधिकाऱ्याची सही मागतो. तोवर आमच्या दृष्टीने तो गृहस्थ हयात असतो. आणि इथे एक आई डोळ्यांसमोर भिंतीवर उभी राहून बोंबलत असताना आम्ही वीस सुशिक्षित माणसांनी पाच मिनिटांत तिला मयत ठरवून पिल्लांना पोरके जाहीर केले. का? तर त्याशिवाय आम्हाला दया दाखवायला वाव कसा मिळणार?

मग दया सुरू झाली. आमच्याकडे दयेचा रंग पांढरा असतो. कोणी सांगितले, दूध पाजा. कोणी सांगितले, हळद घालून पाजा. तळमजल्यावरचे एक गृहस्थ ब्रँडीचा थेंब सुचवून गेले. ती त्यांच्याकडे आहे हे त्या निमित्ताने त्यांच्या पत्नीलाही कळले. आईने वाटीत गाईचे दूध आणि कापसाची वात आणली. मी पिल्लाला बाळासारखे उताणे तळहातावर घेतले आणि वात पिळली. "पितंय, पितंय!" म्हणून दारात जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मला इतके धन्य आयुष्यात दोनदाच वाटले आहे: एकदा मुलगी झाली तेव्हा आणि एकदा माझी कॅश पहिल्याच मोजणीत जुळली तेव्हा.

सकाळी त्यातले एक पिल्लू पोट फुगून मेलेले होते. धडधाकट होते ते. सुजल्या पायाचे तेवढे उरले.

ते खोक्यात घालून मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी आधी मऊ ब्रशने उरलेल्या मुंग्या काढल्या, सुजलेला पाय चाचपला, हाड मोडलेले नाही असे सांगितले, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"काय पाजलंत?"

"दूध," मी मोठ्या पुण्याईने म्हणालो.

"गाईचं?"

"ताजं होतं हो. चितळ्यांचं."

"काका, गाईचं दूध वासरासाठी असतं. ह्यांना ते पचत नाही, हगवण लागते, पोट फुगतं. पिल्लू गार होतं का?"

गारच होते. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग क्षारसाखरेचे कोमट पाणी, आणि त्यानंतर खाणे. थंड अंगात काहीच पचत नाही. आणि उताणे तर कधीच धरायचे नाही, दूध फुप्फुसात जाते. म्हणजे मी एका वातीत तीन गुन्हे केले होते. चौथा त्यांनी शेवटी विचारला.

"आई मेली, हे कोणी पाहिलं?"

मी काकांच्या काठीची हकिगत सांगितली. बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, की अंगावरच्या मुंग्या काढून पिल्लांना ऊब आणली असती, उबदार खोक्यात घालून त्याच झाडाला ती ठेवली असती आणि वीस माणसे आपापल्या घरी गेली असती, तर आईने त्यांना एकेक करून तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेले असते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, ही गोष्ट खोटी आहे. ती काठीला घाबरते, वासाला नाही.

त्या दिवशी आम्ही खोके उरल्यासुरल्या आंब्याला टांगले आणि मी खिडकीआड संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. ती आली नाही. आता मात्र ते पिल्लू खरोखर पोरके झाले होते. आदल्या दिवशी आम्ही जे तोंडाने म्हटले, ते दुसऱ्या दिवशी करून दाखवले.

तुम्ही म्हणाल, एवढे काय त्यात? चांगल्या हेतूने केले ना? इथेच माझे भांडण आहे. चांगला हेतू हा आपल्या मध्यमवर्गाचा बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट आहे. तो कितीही वापरा, फेडायला कोणी सांगत नाही. नागपंचमीला आपण सापाला दूध पाजतो. साप दूध पिणारा प्राणीच नव्हे. पण साप काय खातो हे विचारायला आपण सापासाठी थोडेच गेलेलो असतो? आपण पुण्यासाठी गेलेलो असतो. ज्याला द्यायचे त्याला काय हवे हे न विचारता दिलेले दान म्हणजे पावतीसाठी दिलेली देणगी. पावती आपल्याला मिळते, दूध त्याच्या फुप्फुसात जाते.

खरी शुश्रूषा फार रुक्ष असते हो. ती आमच्या लेजरसारखी असते. डॉक्टरीणबाईंनी कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळते ती दूधभुकटी आणि बिनसुईची एक मिलिलिटरची सिरिंज दिली. एका वेळचे खाणे वजनाच्या पाच टक्के. पाच टक्के म्हटल्यावर मला एकदम माहेरी आल्यासारखे झाले. पण वजन करायचे कशावर? शेवटी सराफाकडे गेलो. त्याने रुमाल उलगडला, दचकला आणि तराजूत ठेवून म्हणाला, "बरोबर वीस ग्रॅम. घडणावळ धरू का?" दोन तोळे जीव. पूर्ण वाढलेली खार शंभरएक ग्रॅमची होते. म्हणजे अख्खी खार दहा तोळे, आणि तिच्या वाट्यावर आपण केवढी भाषणे उभी करतो!

दर तीन तासांनी एक मिलिलिटर, पिल्लू पोटावर धरून, थेंब थेंब. खाऊन झाले की ओल्या कापसाने मागची बाजू पुसायची, कारण एवढी लहान पिल्ले आईने चाटल्याशिवाय शूशी करीत नाहीत. खोक्याच्या निम्म्या भागाखाली फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. निम्म्याच, म्हणजे उकडले तर त्याला सरकता यावे. रात्री दोनचा गजर मी, पाचचा सौ. पहिले तीन दिवस मी रजा टाकली. कारण लिहिले, 'घरी लहान मूल आजारी'. माझी मुलगी कॉलेजात आहे हे मॅनेजरसाहेबांना ठाऊक. त्यांनी चष्म्यावरून पाहिले, काही विचारले नाही, मात्र सही करताना "अभिनंदन" म्हणाले.

चौथ्या दिवसापासून खोके माझ्याबरोबर बँकेत आले आणि टेबलाच्या खणात शिक्क्यांशेजारी राहिले. पेन्शनच्या दिवशी भर रांगेत खणातून 'चिक्' झाले. रांगेतल्या आजींनी वाकून पाहिले आणि त्यांचा चेहरा मायेने भरून आला. "अरे देवा, पोरकं आहे वाटतं! दूध पाज रे बाबा त्याला!"

मी त्यांचे पासबुक भरून दिले. दुसरे काय करणार?

पिल्लू जगले. डोळे उघडले, सूज उतरली, शेपटीला झुबका आला, आणि आमच्या घरात दयेचा दुसरा अंक सुरू झाला. पहिला अंक दुधाचा, दुसरा पिंजऱ्याचा. सगळ्या मजल्यांवरून मागण्या येऊ लागल्या: हातात द्या, फोटो काढू द्या, नाव काय ठेवले, पाळाच आता. खुद्द मलाही मोह झाला, कशाला नाही म्हणू? ती पाय किंचित ओढत चालायची. मी मनाशी दावा तयार करू लागलो, की लंगडी पोर, बाहेर कशी जगणार?

आमची खार पाच पट्ट्यांची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात हिचे नाव होते. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची मांडणीच बदलली, आणि नव्या परिशिष्टांत शोधताना आमच्या बँकेची परिपत्रके बरी वाटू लागतात. पण कायदा बाजूला ठेवा. डॉक्टरीणबाईंनी एकच विचारले, "चढते का?" पडद्यावर चढत होती, पेल्मेटवर बसून मलाच दरडावत होती. "मग ती लंगडी नाही काका, ती तुमच्या मनात लंगडी आहे. नाव ठेवू नका, कुरवाळू नका. माणसाला न भिणारी खार मांजरालाही भीत नाही."

तेव्हा मला ती सेतूची गोष्ट नव्याने कळली. वाल्मीकींच्या रामायणात ती नाही. लोकांनी मागाहून घातली, आणि फार छान घातली. खारीने वाळू आणली, रामाने पाठीवरून बोटे फिरवली, पट्टे उमटले. आपल्याकडे तीन पट्ट्यांचीही खार आहे. त्या हिशेबाने आमच्या खारीच्या वेळी प्रभूंनी सगळा पंजा वापरला असावा. पण पुढचे कोणी सांगत नाही. रामाने बोटे फिरवली आणि तिला सोडून दिले. पिंजऱ्यात घालून अयोध्येला नेले नाही. वाटीभर दूधही पाजले नाही.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर खार ही आपली मालमत्ता नव्हे, ती ठेव आहे. मागणी होताच परत करायची. बाहेरच्या खारी ओरडल्या की ती खिडकीच्या जाळीला चिकटून ऐकू लागली, तीच मागणी. आम्ही खोके आंब्याला बांधले, दार उघडे ठेवले, रोज दाणे आणि फळाची फोड ठेवली. पहिले चार दिवस ती रात्री खोक्यात यायची. पाचव्या दिवशी आली नाही. सौ. दोनदा गॅलरीत जाऊन आली आणि म्हणाली, "अहो, बरंच झालं ना?" मी म्हटले, बरेच झाले. त्या रात्री दोन वाजता मला गजराशिवाय जाग आली.

वार्षिक सभेत चिटणीसांनी अहवाल वाचला: "एका खारीच्या पिल्लाला जीवदान देऊन आपल्या सोसायटीने पर्यावरणरक्षणात खारीचा वाटा उचलला आहे." टाळ्या पडल्या. काठीवाले काका सगळ्यांत जोरात वाजवत होते. मी उभा राहिलो. म्हटले, "खजिनदार म्हणून दुरुस्ती सुचवतो. जमा एक पिल्लू. नावे दोन पिल्ले, एक आई आणि रुपये साडेचार हजार. हा ताळेबंद जुळत नाही. मी सही करणार नाही."

सभेत शांतता पसरली. मग कोणीतरी "चहा आला" म्हणाले. पण चहाबरोबर एक ठरावही झाला, की यापुढे छाटणीआधी फांद्यांवर घरटे आहे का ते कोणीतरी वर चढून बघावे. 'कोणीतरी' म्हणजे अर्थात खजिनदार.

तेव्हापासून वर्षातून एकदा मी माझे पोट सांभाळत शिडी चढतो. वरच्या फांदीवरून एक खार शेपटी उडवत मला वाटेल ते बोलते. तीच का दुसरी, मला ओळखता येत नाही. पाय ओढताना काही दिसली नाही. मी घरटे शोधतो, फांदीला खडूची खूण करतो, खाली उतरतो आणि सांगतो, ही राहू द्या. खालच्या मोटारीवर चीक गळतच असतो. मोटार काकांची आहे.