पालकांचे सत्त्वबल : परीक्षणातील दुर्लक्षित भाग

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बालसंगोपनाचे विवेचन करताना आचार्यांनी एक स्पष्ट निषेध सांगितला आहे. मूल रडत असेल, जेवत नसेल अथवा ऐकत नसेल, तरी राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्यास भिववू नये. आज राक्षसाची जागा बागुलबुवाने, पोलिसाने आणि क्वचित आम्हा वैद्यांच्या कडू काढ्यानेही घेतली आहे.

पालक असे का करतात? मायेच्या अभावी खचित नव्हे. धीर संपतो म्हणून. गिरगावातील खोताच्या वाडीचे उदाहरण घ्यावे. अरुंद बोळ आणि गल्लीकडे उघडणारे व्हरांडे अशी या वाडीची रचना. अशा वस्तीत मूल एकट्या आईच्या हाती नसते. तिचा धीर सुटला की समोरच्या ओट्यावरील आजीचा धीर कामी येतो. परंतु वाडीतील पूर्वीच्या ६५ घरांपैकी आज निम्मीही उरलेली नाहीत. उंच इमारतीच्या बंद दाराआड असा उसना धीर मिळत नाही. तेथे पालकास स्वतःच्याच बळावर उभे राहावे लागते, आणि ते बळ कोणते हे त्यास कोणी सांगितलेले नसते.

हे सांगण्याचे साधन आपल्यापाशी आहे. दशविध परीक्ष्य भावांत प्रकृती आणि सत्त्व या दोहोंचा समावेश आहे. तथापि प्रकृतीचा उपयोग आपण बहुधा औषध व पथ्य ठरविण्यापुरताच करतो, आणि सत्त्वाचा रकाना कोराच राहतो. अष्टांगहृदयात पित्तप्रकृतीच्या वर्णनात तीक्ष्णतेबरोबरच आश्रितांविषयीचे वात्सल्य सांगितले आहे. वातप्रकृतीस गीत व हास्याची आवड, तर कफप्रकृतीस क्षमाशीलता सांगितली आहे. शीघ्रकोपी मातेस 'रागावू नका' एवढेच सांगितल्याने तिच्या मनातील अपराधभाव मात्र वाढतो. त्याऐवजी तिच्या नियोजनबुद्धीचा उपयोग करून जेवणाची व झोपेची वेळ निश्चित करावयास सांगावे; तंट्याचे निम्मे प्रसंग तेथेच टळतात. चंचल पित्यास दीर्घ उपदेश जमणार नाही. घास भरविताना गाणे, गोष्ट त्यास सहज जमेल. शांत स्वभावाच्या पालकाने रडणाऱ्या मुलाजवळ नुसते बसून राहावे. एकाची रीत दुसऱ्यावर लादू नये.

मानसदोषांवर धी, धैर्य आणि आत्मादिविज्ञान हे श्रेष्ठ औषध, असे वाग्भटाचार्य सांगतात. स्वतःचे बळ ओळखणे हा त्या आत्मविज्ञानाचा व्यवहारातील पहिला पाठ होय, असे आम्हांस वाटते. धारणीय वेगांत चरकाचार्यांनी क्रोधाबरोबर कठोर वाणीचाही समावेश केला आहे. हा वेग धारण करण्यास आधार लागतो, आणि तो आधार पालकाच्या ठायी असलेल्या गुणातच शोधावा लागतो.

येथे एक मर्यादा सांगणे अगत्याचे आहे. प्रसूतीनंतर मातेस सतत उदासीनता, निद्रानाश, स्वतःस वा बाळास इजा करण्याचे विचार येत असतील, तर केवळ धीर देत बसू नये; तिला विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे.

एरवी, बालरुग्ण तपासताना सोबतच्या पालकास एवढेच विचारावे : 'मुलाबरोबरची कोणती गोष्ट तुम्हांस चांगली जमते?' जे उत्तर येईल ते रुग्णपत्रिकेत नोंदवावे आणि पुढील सल्ला त्यावरच उभारावा. यास द्रव्य लागत नाही, दोन मिनिटे पुरतात. समस्त वैद्यबंधुभगिनींनी हा प्रयोग करून आपले अनुभव या अंकासाठी अवश्य कळवावेत.