अंगणवाडीची पन्नाशी : धोरणात शिक्षिका, हिशेबात स्वयंसेविका

नवी दिल्ली : एकात्मिक बालविकास सेवा योजनेला २ ऑक्टोबर २०२५ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली. १९७५ मध्ये केवळ ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेल्या या योजनेच्या आज देशभरात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. वाडी-वस्तीपर्यंत केंद्र पोहोचवण्याचे पहिले उद्दिष्ट बव्हंशी साध्य झाले आहे. पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. केंद्राच्या दारातून आत आलेल्या बालकाला तेथे नेमके काय मिळते आणि ते देणाऱ्या स्त्रीला राज्यव्यवस्था कोण मानते, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे दोन्ही भाग एकमेकांशी जोडलेले आहेत. गेल्या काही वर्षांत धोरणांनी अंगणवाडी सेविकेकडून शिक्षिकेच्या कामाची अपेक्षा ठेवली. अर्थव्यवहारात मात्र ती मानधनावरील स्वयंसेविकाच राहिली. बालसंगोपनाचा दर्जा सुधारण्याच्या बहुतेक प्रयत्नांची गाडी याच विसंगतीपाशी अडते. विशेष म्हणजे या विसंगतीवर मात कशी करावी, याचे धडे देशातील समाजाधारित उपक्रमांनी सरकारी योजनेच्या आधीपासून आणि तिच्या बरोबरीनेही घालून दिले आहेत.

वाढत्या अपेक्षा, जुने मानधन

पूरक पोषण आहार, शाळापूर्व शिक्षण, आरोग्य व पोषण शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा अशा सहा सेवांची जबाबदारी अंगणवाडीवर आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि २०३० पर्यंत प्रत्येक बालकाला दर्जेदार बालशिक्षण देण्याचे लक्ष्य ठेवले. बारावी उत्तीर्ण सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका, अशी प्रशिक्षणाची रचनाही धोरणात आहे. मे २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘नवचेतना’ आराखडा आणि तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ अभ्यासक्रम आला. दररोज किमान दोन तास खेळातून शिक्षण व्हावे, अशी अपेक्षा त्यातून सेविकेपुढे ठेवण्यात आली.

अपेक्षांच्या या चढत्या आलेखाशेजारी मानधनाचा आकडा ठेवला तर चित्र पालटते. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दरानुसार केंद्राच्या निकषातील मासिक मानधन सेविकेसाठी ४,५०० रुपये, मिनी अंगणवाडीच्या सेविकेसाठी ३,५०० रुपये आणि मदतनिसासाठी २,२५० रुपये आहे. बहुतेक राज्यांत हा भार केंद्र आणि राज्य ६० आणि ४० टक्के या प्रमाणात उचलतात. राज्ये आपापल्या तिजोरीतून त्यात भर घालतात. परिणामी एकाच अभ्यासक्रमावर काम करणाऱ्या दोन राज्यांतील सेविकांच्या हाती येणारी रक्कम सारखी नसते. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पाने सेविका आणि मदतनिसांना आयुष्मान भारत योजनेच्या कक्षेत आणले, ही जमेची बाजू. मूळ दर्जाचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही.

न्यायालयांचा बदलता सूर

या दर्जाविषयी न्यायालयांची भूमिका दोन दशकांत लक्षणीयरीत्या बदलली आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांपर्यंत नेण्याचे आणि मागणी करणाऱ्या वस्तीला केंद्र देण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी कर्नाटकातील एका प्रकरणात याच न्यायालयाने सेविका शासकीय पद धारण करीत नाहीत, असा निर्वाळा दिला. केंद्र हा बालकाचा हक्क ठरला. ते चालवणारी मात्र शासनाची कर्मचारी ठरली नाही.

मे २०१३ मधील ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार मानावे आणि त्यांना किमान वेतन मिळावे, अशी शिफारस केली. तिची अंमलबजावणी झाली नाही. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील सेविकांच्या याचिकेवर निर्णय देताना न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सेविका व मदतनिसांना १९७२ चा उपदान कायदा, म्हणजेच ग्रॅच्युइटी कायदा, लागू असल्याचे स्पष्ट केले. अंगणवाडीत चालणारे शाळापूर्व शिक्षण हा या निकालातील एक महत्त्वाचा आधार होता. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. राज्यातील सेविकांना दरमहा किमान २४,८०० रुपये आणि मदतनिसांना २०,३०० रुपये देण्याचा आदेश त्याने दिला. केंद्राचा निकष आणि हा आदेश यांतील तफावत पाच पटींहून अधिक आहे. ‘मानधन’ आणि ‘वेतन’ या दोन शब्दांतील अंतर त्यातून रुपयांत मोजता येते.

दोन हातांचे काम, एका दिवसाचा वेळ

वेतनाइतकाच कळीचा मुद्दा वेळेचा आहे. सेविकेचा दिवस आहारवाटप, वजन-उंचीच्या नोंदी, गृहभेटी, लसीकरण सत्रे आणि सर्वेक्षणे यांत विभागलेला असतो. २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइल अॅपवर नोंदी कराव्या लागतात. जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीच्या चेहऱ्याची ओळख पटवणेही बंधनकारक झाले. गळती रोखण्यासाठी अशा उपायांची गरज असू शकते. पण जिथे नेटवर्क नीट चालत नाही, तिथे या प्रत्येक नोंदीची किंमत मुलांसोबतच्या वेळेतून चुकवावी लागते. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या दर २० मुलांमागे आणि तीन वर्षांखालील दर १० मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी, असे म्हटले होते. एकच स्त्री शिकवणार, नोंदवणार आणि गृहभेटीलाही जाणार असेल, तर हे प्रमाण कागदावरच उरते.

मनुष्यबळ वाढवल्याने काय घडते, याचा विश्वासार्ह पुरावा तामिळनाडूतून आला आहे. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ६४० अंगणवाड्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या केंद्रांत केवळ शाळापूर्व शिक्षणासाठी एक अर्धवेळ साहाय्यिका नेमण्यात आली. त्या केंद्रांत शिकवण्याचा प्रत्यक्ष वेळ दुप्पट झाला. मुलांची भाषा आणि गणितातील प्रगती सुधारली. इतकेच नव्हे, तर मूळ सेविकेला पोषणाच्या कामासाठी सवड मिळाल्याने खुरटलेल्या आणि तीव्र कुपोषित मुलांचे प्रमाणही घटले. साहाय्यिका उच्चशिक्षित नव्हत्या. त्या स्थानिक होत्या आणि त्यांचे काम स्पष्टपणे ठरलेले होते. पोषण की शिक्षण, हा वाद सेविकेची संख्या एकवर गोठवल्यामुळे निर्माण झाला आहे, असेच हा प्रयोग सुचवतो.

समाजाने घडवलेले नमुने

‘अंगणवाडी’ हा शब्दच मुळात एका समाजाधारित प्रयोगाची देणगी आहे. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणावरच शाळा भरली. या प्रयोगाचा गाभा केवळ जागेच्या बदलात नव्हता. शिक्षिका घडवण्याचे काम तेथे मुलांच्या शाळेइतकेच महत्त्वाचे मानले गेले आणि साधने परिसरातील वस्तूंतून तयार झाली. राष्ट्रीय योजनेने अंगणवाडी हे नाव घेतले. शिक्षिका घडवण्याचा तो आग्रह मात्र त्याच प्रमाणात स्वीकारला नाही.

शहरी श्रमिकांसाठी असाच प्रयत्न १९६९ मध्ये दिल्लीत झाला. गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी सुरू असलेल्या बांधकामावर मजूर स्त्रियांची तान्ही मुले उघड्यावर पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली आणि तिचे काम पुढे मुंबई व पुण्यातही पोहोचले. काम संपले की मजूर हलतात. म्हणून पाळणाघरही हलते असावे, ही त्यामागील साधी पण दूरगामी कल्पना होती.

अहमदाबादमध्ये इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेने १९८६ मध्ये ‘संगिनी’ ही बालसंगोपन सहकारी संस्था स्थापन केली. तिचे वेगळेपण मालकीत आहे. बालसेविका आणि मुलांच्या माता, दोघीही संस्थेच्या सदस्य आहेत. त्यामुळे केंद्राची वेळ कामावर जाणाऱ्या आईच्या दिवसाशी जुळते आणि बालसेविकेला आपल्या कामाच्या अटींबाबत बोलण्याची जागा मिळते. छत्तीसगडमधील बिलासपूरच्या वनक्षेत्रात ‘जन स्वास्थ्य सहयोग’ या संस्थेने सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘फुलवारी’ केंद्रे चालवली. गावातील स्त्रियाच तेथे मुलांना सांभाळतात आणि दिवसातून अनेकदा खाऊ घालतात. घरपोच आहाराचे पाकीट आणि बालकाचे तोंड यांमध्ये जी पोकळी उरते, ती या केंद्रांनी भरून काढली.

या चारही प्रयोगांचा काळ आणि प्रदेश निराळा असला, तरी त्यांतील समान सूत्र स्पष्ट आहे. सांभाळणारी व्यक्ती परिसरातील असावी, मुलांची संख्या तिच्या आवाक्यात असावी, तिचे प्रशिक्षण एकदा होऊन थांबू नये आणि मुलांचा तिच्याशी जडलेला लळा तुटू नये, हे ते सूत्र होय.

पाळणाघरांची पोकळी

हे सूत्र धोरणात उतरवताना मात्र ओढाताण दिसते. अंगणवाडीचा वेळ काही तासांचा, तर आईच्या कामाचा वेळ दिवसभराचा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात, तर पुरुषांची ८८ मिनिटे. बालसंगोपनाची सोय नसेल, तर यावर रोजगाराची भर पडणे कठीण होते. तरीही राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २०१७ पासून केंद्राचा वाटा ९० वरून ६० टक्क्यांवर आणण्यात आला. उरलेला भार राज्यांवर आणि स्वयंसेवी संस्थांवर आला. एकेकाळी वीस हजारांहून अधिक असलेल्या पाळणाघरांची संख्या काही वर्षांतच दहा हजारांच्या खाली गेली. आता ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पाळणा’ योजनेतून १७,००० अंगणवाड्यांना पाळणाघरे जोडण्याचे उद्दिष्ट आहे. १४ लाख अंगणवाड्यांच्या तुलनेत हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास भरते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. परंतु शेतात, वीटभट्टीवर किंवा घरकामाला जाणाऱ्या स्त्रीला त्या तरतुदीचा आधार मिळत नाही.

राज्यांपैकी कर्नाटकने २०२३ मध्ये ‘कूसिना मने’ म्हणजे ‘बाळाचे घर’ या योजनेतून चार हजार ग्रामपंचायतींत पाळणाघरे उभारण्याचे ठरवले. सांभाळ करणाऱ्या स्त्रिया रोजगार हमीच्या जॉबकार्डधारकांतून निवडून त्यांना प्रशिक्षण देण्यात आले. बालसंगोपनाला मजुरीयोग्य काम मानण्याचा हा निर्णय स्वागतार्ह ठरतो. पण तेव्हा हमीच्या दिवसांना १०० ची मर्यादा असल्याने स्त्रियांना आलटूनपालटून काम द्यावे लागले. तान्ह्या बालकाला मात्र सतत बदलणाऱ्या चेहऱ्यांपेक्षा ओळखीचा एक चेहरा हवा असतो. उसन्या निधीवर उभी राहिलेली योजना त्या निधीचे नियमही सोबत आणते, असे यावरून दिसते.

समाजाचा सहभाग, शासनाची जबाबदारी

समाजाधारित उपक्रमांचे यश सांगताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘समाजाचा सहभाग’ हा शब्दप्रयोग अनेकदा कमी मोबदल्याच्या समर्थनार्थ वापरला जातो. सेविका गावातलीच, काम अर्धवेळाचे आणि सेवाभावाचे, म्हणून मानधन पुरेसे, असा युक्तिवाद केला जातो. कोसबाडपासून बिलासपूरपर्यंतचा अनुभव याला दुजोरा देत नाही. या उपक्रमांनी स्थानिक स्त्रीला निवडले ते मुलांची भाषा तिला येते आणि मातांचा तिच्यावर विश्वास असतो म्हणून. स्वस्तातले मनुष्यबळ हा त्यांचा हेतू नव्हता. शिवाय यांतील बहुतेक उपक्रम देणग्या आणि प्रकल्पनिधीवर चालतात. ते मार्ग दाखवू शकतात, पण देशभरातील बालकांचा भार पेलू शकत नाहीत.

राज्यघटनेच्या पातळीवरही हा प्रश्न अर्ध्यावर सुटलेला आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण हा मूलभूत हक्क केला. सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण मात्र अनुच्छेद ४५ नुसार मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ नेही शासन याबाबत व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच म्हटले. सेविकेचे स्थान संदिग्ध राहण्याचे मूळ बालकाच्या हक्काच्या या संदिग्धतेत आहे.

त्यामुळे येत्या काळात अभ्यासक्रमांची संख्या वाढवण्यापेक्षा तीन निर्णय अधिक परिणामकारक ठरतील. केंद्राच्या निकषातील मानधनाची कालबद्ध फेररचना, शाळापूर्व शिक्षणासाठी केंद्रागणिक आणखी एक प्रशिक्षित व्यक्ती आणि स्वतंत्र निधीवर चालणारी पूर्णवेळ पाळणाघरे, हे ते निर्णय होत. त्यांचा खर्च मोठा आहे आणि तो केंद्राने किती व राज्यांनी किती उचलायचा, यावरून वाद होणेही अटळ आहे. पण २०३० चे उद्दिष्ट आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वर्षांवर आले आहे. पहिल्या पन्नास वर्षांत देशाने अंगणवाडीची इमारत, आहार आणि नोंदवही यांची व्यवस्था लावली. त्या इमारतीत मुलांसोबत बसणाऱ्या स्त्रीचे स्थान निश्चित करण्याचे काम आता टाळता येणार नाही.