व्यवहारधर्म : पेढीवरचे पान कोणाच्या खाती?

सांगलीची हळद असो, लातूरचे सोयाबीन असो की जळगावची डाळ, बाहेरगावचा व्यापारी माल पाहावयास आला की सौद्याच्या आधी त्याच्या जेवणाची चौकशी होते. जुन्या पेढ्यांवर त्यासाठी स्वयंपाकी ठेवलेला असे. शेठजींच्या घरी चौविहार पाळला जात असल्याने पाहुण्याचे पानही सूर्यास्तापूर्वीच वाढले जाई. वरण-भात, पोळी, कंदमूळ वर्ज्य करून केलेली भाजी, एवढाच बेत. या खर्चास ‘करमणूक’ म्हणता येईल, हे शेठजींच्या स्वप्नातही आले नसते. आयकर खात्याच्या मात्र आले.

1961 च्या आयकर कायद्यात करमणूक खर्चावर मर्यादा होती आणि पेढीवरचे साधे जेवण त्या मर्यादेत धरायचे की नाही, यावर वर्षानुवर्षे तंटे चालले. गुजरात उच्च न्यायालयाने 1977 साली पटेल ब्रदर्सच्या प्रकरणात एक समंजस भेद केला : परगावच्या ग्राहकास निकडीपोटी, सौजन्यापोटी किंवा व्यापाराच्या रूढीनुसार दिलेले साधे जेवण ही करमणूक नव्हे, थाटामाटाची मेजवानी ही करमणूक. सर्वोच्च न्यायालयानेही 1995 साली तोच निर्णय उचलून धरला. परंतु दरम्यान, 1983 मध्ये संसदेने 1 एप्रिल 1976 पासून मागील प्रभावाने स्पष्टीकरण घातले होते, आणि रूढी असो वा नसो, सर्व प्रकारचे आतिथ्य करमणूक खर्चात ओढले होते. त्यातून एकच गोष्ट सुटली : मालकाने आपल्या नोकरांना कामाच्या जागी दिलेले अन्न. कायद्याला हमालाच्या भाकरीबद्दल कधीच फारसा संशय नव्हता. संशय होता तो मोठ्या गिऱ्हाइकाच्या ताटाबद्दल.

1 एप्रिल 1998 पासून ती मर्यादाच गेली. 2005 ते 2009 या काळात अशा खर्चांवर अनुषंगिक लाभ कर आला आणि गेला. उरली ती कलम 37 ची मूळ कसोटी : खर्च संपूर्णतः आणि केवळ व्यवसायासाठी झालेला असावा, खाजगी नसावा. मर्यादा गेल्याचा अर्थ अनेक पेढ्यांनी ‘आता काहीही चालते’ असा घेतला. वस्तुतः ओझे वाढले, कारण पूर्वी आकडा पाहिला जाई, आता हेतू पाहिला जातो.

घरच्या कार्याचे उदाहरण घ्यावे. भागीदाराच्या कन्येचा विवाह होतो, निम्मे निमंत्रित व्यापारी असतात, आणि केटररचे बिल ‘ग्राहक मेळावा’ म्हणून पेढीच्या खाती पडते. तपासणीत असे एक बिल निघाले की अधिकाऱ्याचा विश्वास उडतो आणि हमालांच्या खऱ्या चहापाण्यातूनही तो काही भाग नामंजूर करून टाकतो. याहून वाईट परिणाम घरात होतो. पेढी दोघा भावांची असेल, तर त्या मांडवाचा अर्धा खर्च दुसऱ्या भावाने न विचारता उचललेला असतो. तो त्या वेळी बोलत नाही. वाटणीच्या दिवशी बोलतो.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, सांगितले आहे, आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’. प्रतिक्रमणात या अतिचारांची आलोचना करणाऱ्या श्रावकाला खोट्या व्हाउचरचे स्वरूप निराळे समजावून सांगावे लागू नये.

नोकर सोडून इतरांचा, म्हणजे ठेकेदार, दलाल आणि वितरक यांचा प्रश्न 1 जुलै 2022 पासून अधिक नाजूक झाला आहे. कलम 194आर नुसार व्यवसायाच्या संबंधातून निवासी व्यक्तीस वर्षभरात 20,000 रुपयांपेक्षा अधिक मूल्याचा लाभ दिल्यास त्यावर 10 टक्के कर कापावा लागतो. लाभ वस्तुरूप असेल, तर तो हाती देण्यापूर्वीच कर भरला गेल्याची खात्री देणाऱ्याने करावयाची असते. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब म्हणून धंदा करणाऱ्यांना, आदल्या वर्षीची उलाढाल 1 कोटीच्या आत असल्यास, हे बंधन नाही. भागीदारी पेढीला मात्र ही सूट नाही. व्यापारातील सूट, रोख सवलत आणि रिबेट यांना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जून 2022 च्या परिपत्रकातच वगळले. त्याच परिपत्रकानुसार नवा माल समजावून देण्यासाठी भरवलेली विक्रेत्यांची परिषद लाभ ठरत नाही. पण सहलीचा भाग, सोबत आलेले कुटुंबीय आणि लांबवलेला मुक्काम यांचा खर्च लाभ ठरतो. परिषदेच्या आधीचा एक दिवस आणि नंतरचा एक दिवस एवढी ढील आहे. दिवाळीनंतर विक्रेत्यांना सपत्नीक गोव्याला नेणाऱ्या पेढ्यांनी हा हिशेब तिकिटे काढण्यापूर्वीच करावा.

यंत्र दुरुस्तीसाठी पुण्याहून तंत्रज्ञ येतो, लॉजमध्ये राहतो आणि बिल पेढीकडून वसूल करतो. बिल पेढीच्या नावे असेल तर तो पेढीचा खर्च. त्याच्या नावे असून पेढीने वेगळे पैसे दिले तर तो त्याला मिळालेला लाभ मानला जाऊ शकतो. लॉजच्या नोंदवहीवर एक नाव योग्य लिहून घेण्याने पुढचा पत्रव्यवहार टळतो.

नोकरवर्गाच्या बाबतीत 1962 चे नियम सौम्य होते. त्यांनुसार सणाची भेट वर्षभरात मिळून 5,000 रुपयांपेक्षा कमी असल्यास नोकराच्या पगारात ती धरली जात नसे. ही सोय वस्तूंसाठी होती. रोख बोनस पगारच समजला जातो.

वस्तू व सेवा कराचे गणित मात्र वेगळे. आयकरात मान्य झालेला जेवणाचा खर्च येथे ‘इनपुट क्रेडिट’ मिळवून देईलच असे नाही. खाद्यपेये आणि केटरिंग यांवरील क्रेडिट सामान्यतः अडवलेले आहे, अपवाद कायद्यानेच नोकरांसाठी बंधनकारक केलेल्या सोयीचा. दिवाळीला भेट म्हणून वाटलेल्या मिठाईच्या डब्यांवरचेही क्रेडिट घेता येत नाही. हिशेबनीस ते सवयीने घेतो आणि पुढे व्याजासह परत करतो. केटररला एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च आयकरातही नामंजूर होतो, मग जेवणारे किती का खरे असेनात.

31 मार्च 2026 ला संपणाऱ्या वर्षाचा हिशेब 1961 च्या कायद्यानेच होईल. 1 एप्रिलपासून 2025 चा कायदा आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. व्हाउचर बदललेले नाही. पेढीवर कोण जेवले, कोणत्या गावचे, कोणत्या मालासाठी आले होते, या तीन गोष्टी त्याच दिवशी बिलाच्या पाठीवर लिहाव्यात. वर्षअखेरीस आठवून लिहिलेली नावे अधिकारी शाईवरून ओळखतो.