खोली बघताय? आधी भिंत बघा

अ‍ॅडमिशन पक्की झाली की दुसऱ्याच दिवशी पुण्यात खोलीची शोधाशोध सुरू. वायफाय आहे का, मेस किती लांब, डिपॉझिट किती. तीन प्रश्न विचारले की टोकन देऊन मोकळे! पण खोलीपेक्षा एरिया जास्त बोलतो, हे सिंहगड रस्त्याने सहा महिन्यांत दोनदा दाखवून दिलंय.

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि पहाटे एकता नगरीतल्या सोसायट्यांमध्ये ते शिरलं. लोकांना काढायला बोटी लागल्या. आता गंमत बघा, नदीकाठाला दोन पूररेषा असतात. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. म्हणजे धोका नकाशावर असतो, फक्त फ्लॅटच्या जाहिरातीत नसतो.

मग जानेवारी २०२५. नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले आणि बोट पाण्याकडे गेलं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. पत्त्यात पुणे लागलं, भाडंही पुण्याचं झालं. शुद्धीकरण केंद्राचं पाणी मात्र सगळीकडे पोचलं नाही. स्वस्त खोली बहुतेकदा याच पट्ट्यात मिळते, आणि परवडतं तिथेच राहावं लागतं हेही खरंच. म्हणून तर विचारायचं.

कुणाला? ब्रोकरला नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला. नळाला पाणी किती वाजता येतं, टँकर किती येतात, मागच्या पावसात पाणी कुठपर्यंत चढलं होतं? तळमजल्याच्या भिंतीवरचा ओलीचा पट्टा नव्या रंगाखालूनही दिसतो. आणि खोली दुपारी बघितली असेल, तर रात्री साडेनऊला त्याच गल्लीतून एकदा चालत जा. दिवे आहेत का, बसस्टॉपपासून एकटीने येता येईल का, हे दुपारी कळत नाही.

आपण हे विचारायला लाजतो. समोरचा लाजत नाही. आडनाव काय, नॉनव्हेज खाता का, मित्र येणार का, सगळं विचारून होतं. मग रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटचा विषय काढला की "अकरा महिन्यांचंच तर आहे, कशाला?" कशाला म्हणजे? महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे.