पोऱ्या मायकोमा शे

जुलै २०२४ मध्ये टोयोटाने छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यासाठी सरकारशी करार केला, तेव्हापासून आमच्या चाळीसगावची पोरं कन्नड घाटापलीकडे डोळे लावून बसली आहेत. मोटारीचा कारखाना आला की मागोमाग सुटे भाग करणारेही येतात. मग 'इतक्या हजार हातांना काम' अशी बातमी येते. मी हल्ली त्या आकड्यापाशी थांबत नाही.

नाशिकची मायको आठवते ना? जर्मन बॉशची कंपनी. १९५१ साली बंगळूरला सुरू झाली, सत्तरच्या आसपास सातपूरला आली. नाव बदलून २००८ साली बॉश झालं, पण नाशिककर अजून मायको सर्कलच म्हणतात! डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा सोडणारी नोझल तिथे बनत. आमच्याकडे लग्नाच्या बोलणीत 'पोऱ्या मायकोमा शे' एवढं म्हटलं की मुलीचे वडील पुढे काही विचारत नसत. कारण नोकरी कायम. फंड, बोनस, सिडकोत घर, धाकट्या भावाचं शिक्षण... एका पगारावर अख्खं घर वर येई.

परवा माझा एक जुना विद्यार्थी मुलाला घेऊन आला. मुलगा आयटीआय फिटर. गाड्यांचे भाग करणाऱ्या एका परदेशी कंपनीत काम मिळालं म्हणून पेढे. पत्र वाचलं तर ते ठेकेदाराचं, मुदत अकरा महिने. पेढा हातातच राहिला.

कारखाने नकोत असं मी म्हणत नाही. कपाशीवर घर चालत नाही हे मला कळतं. पण सरकार उद्योगांना सवलती देतं, जीएसटीचा परतावा देतं, तर त्यातल्या कायम जागा किती, हे घोषणेतच का सांगू नये? शिवाय एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, विजेच्या गाडीला तर नोझल लागतच नाही. एकच भाग करायला शिकलेल्या मुलाचं पुढे काय, हेही कुणी विचारत नाही.

असो. मुलगा सोमवारी निघाला. बाप म्हणत होता, आता शेत विकून टाकतो. मी म्हटलं, "बटाईने दे. निदान अकरा महिने तरी विकू नकोस."